ड्वेन घरी येतो ते पान

एल्बर्न, मिनेसोटा
१९ जानेवारी १९८९

ऑरिन,

मी मार्लिस. तुझी बहीण. ओळख करून द्यावी लागतेय, कारण तुझी कादंबरी वाचणाऱ्याला वाटतं की आपल्या आईला तू आणि ड्वेन असे दोन मुलगेच झाले. पुस्तक आलं तेव्हापासून मी तुला नाताळचं कार्डसुद्धा पाठवलं नाही, ते याच कारणाने. तू पुस्तकात घातलंस म्हणून अर्धं गाव तुझ्यावर चिडलं. पुस्तकात घातलं नाहीस म्हणून चिडलेली मी एकटीच. ग्लॅडिस नायक्विस्ट अजून येईल त्याला सांगते, "त्यानं माझ्या हॉटडिशला खारट म्हटलंय. दाखवू? पानाला खूण करून ठेवलीय मी!" आणि चर्चच्या जेवणाला तोच बटाट्याचा भाजलेला डोंगर घेऊन येते. तळाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव, म्हणजे भांडं परत तिच्याच घरी जावं. कोण नेतंय ते भांडं पळवून!

पण आज भांडायला लिहीत नाही. आईबद्दल लिहितेय.

आई तुझं पुस्तक वाचतेय. इतकी वर्षं तिने हात लावला नव्हता. "ड्वेनचं काय झालं ते मला माहीत आहे, पुस्तकात कशाला बघू," म्हणायची. या शरद ऋतूत वाचनालयाची गाडी आली, त्यात मोठ्या अक्षरांची प्रत होती. आई म्हणाली, "ऑरिनचं ना? दे इकडे." स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, ओळीखाली बोट धरून, तिने ते सगळं वाचलं. आता रोज नाश्त्यानंतर शेवटचं प्रकरण पुन्हा वाचते. लोक बायबल वाचतात तसं.

ते प्रकरण तुला मी काय सांगणार, पण तुझ्या लक्षात नसेल तर सांगते. ड्वेनचा ट्रक तळ्यावरचा बर्फ फोडून आत जातो. गाव समजतं, बुडाला. पण त्याने आधीच उडी मारलेली असते. तो बर्फावरून उत्तरेला चालत जातो, कॅनडात लाकूडतोड्यांबरोबर राहतो, आणि बऱ्याच वर्षांनी हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी आपल्या मागच्या दाराशी येऊन उभा राहतो. कडीवर हात ठेवतो. तिथे तू पुस्तक संपवलंस. समीक्षकांना तो शेवट फार भावला म्हणे. आईला नाही भावला. ती विचारते, "पुढे?"

आणि पुढे नाही म्हणून तिने स्वतःच सोय केलीय. मागचं दार उघडं ठेवते. उणे तीसमध्ये. दोनदा नळ फुटले. मंगळवारी मी गेले तर बाई कोट घालून खुर्चीत, ओठ निळे, आणि समोर दोन कप कॉफी. म्हटलं, "आई, अगं काय हे!" तर म्हणते, "त्याला कडी वाजवायची सवय नाही. उभा राहील आणि परत जाईल."

डॉक्टर म्हणतात आता तिला एकटं ठेवायचं नाही. लिंडगार्डच्या वृद्धाश्रमात एक खोली मिळतेय, चांगली, उन्हाची. मार्चअखेरपर्यंत राखून ठेवतील म्हणाले. मला माझी दोन खोल्यांची जागा आहे हार्डवेअरच्या दुकानावर, तिथले जिने तिला जमणार नाहीत. आईची सोय लागली की घर विकून मी ॲरिझोनाला कॅरिनकडे जाणार आहे. लेक चार वर्षं बोलावतेय. यापुढे बर्फ बघायचा तो फक्त सरबतात, असं मी ठरवलंय. पण आई घर सोडत नाही. "मी गेले आणि तो आला तर? रिकामं घर बघून काय वाटेल त्याला?"

मला वाटलं, डोकं फिरलं तिचं. म्हणून स्पष्टच बोलले. "आई, ड्वेन वारला. एकाहत्तर साली. आपण त्याला पुरलं." तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वर्गातली मठ्ठ मुलगी.

"मला माहीत नाही होय? दगड मी निवडलाय. कबरीतला कुठे जातोय? त्याची वाट बघायचं काही कारणच नाही. पण पुस्तकातला बाहेर थंडीत उभा आहे, मार्लिस. त्याचं काय?"

याचं उत्तर तुझ्याकडे आहे. एक पान लिही. फार नको, एकच. तो दार उघडतो, आई तिथे नसते, कुणीतरी सांगतं ती लिंडगार्डला आहे, आणि तो तिथे जातो. एवढंच. टाइप करून पाठव, मी वाचून दाखवीन. तू त्याला उभं केलंस, तूच त्याला आत घे.

मार्लिस


१० फेब्रुवारी

ऑरिन,

तुझं उत्तर मिळालं. विद्यापीठाचा जाड कागद, वर शिक्का. तुला त्या कागदावर घरी पत्र लिहावंसं वाटलं याचंच मला नवल. "एकदा छापलेलं लेखन लेखकाचं राहत नाही, ते वाचकाचं होतं." बरं. मग वाचकच मागतोय की! ब्याऐंशी वर्षांची आहे, गुडघे गेलेत, पण वाचकच आहे.

तू लिहितोस की शेवट बदलणं म्हणजे खोटेपणा. ऑरिन, हे तू मला सांगतोस? तुझ्या पहिल्या सगळ्या गोष्टी मी टाइप केल्यात. मी शाळेत टायपिंग शिकवायचे, सुट्टी झाली की तू वर्गात यायचास, खिडकीपासून फळ्यापर्यंत येरझाऱ्या घालत मला सांगायचास. एका हातात लोणी-साखर लावलेली बटाट्याची पोळी, आणि सगळा चिकटपणा माझ्या कागदांना. त्याच्याही आधी, चर्चच्या तळघरात बायका कॉफी पीत बसल्या की तू टेबलाखाली. कुणी काही मजेचं बोललं की खालून आवाज यायचा, "परत सांगा!" आणि परत सांगताना त्या बिचाऱ्या थोडं वाढवून सांगायच्या, कारण त्यांना कळायचं की तुला तेवढ्यावर पुरणार नाही.

बाबांचं अस्वल आठवतं? बाबांनी अस्वल खिडकीतून पाहिलं होतं. बस. तू शाळेच्या अंकात लिहिलंस की अस्वल आत आलं, खुर्चीवर बसलं, बाबांनी त्याला पाव दिला. आम्ही पोट धरून हसलो. मग बाबा स्वतःच लोकांना सांगायला लागले, "तर ते आत आलं, इथे बसलं." शेवटच्या आजारात त्यांनी मला खुर्ची दाखवली, "हीच ती." मी कोण त्यांना सांगणार की अस्वल कधी आतच आलं नव्हतं! तेव्हा तुला तो खोटेपणा वाटला नाही. तू खूश होतास.

आता तू न पाहिलेलं सांगते, कारण तू आला नव्हतास.

ड्वेन मार्चच्या शेवटी तळ्यावर गेला, बर्फावर उभारलेली मासेमारीची खोपी आणायला. मुदत संपत आली होती, खोपी काढली नाही तर दंड. आपली माणसं डिसेंबरात बर्फ हाताने दाबून बघतात आणि मार्चमध्ये त्यावर ट्रक घालतात. सबंध हिवाळा त्याने आपल्याला पेललं, म्हणजे तो आपलाच, असं वाटतं त्यांना. ग्लॅडिसचा नवरा व्हर्न किनाऱ्यावरून ओरडला होता. ड्वेनने हात हलवला. तो हात नमस्कारासाठी होता की आणखी कशासाठी, हे व्हर्न अजून ठरवतोय.

लोकांनी त्याला बाहेर काढलं. पण जमीन गोठलेली. खड्डा खणता येईना. मग हिवाळ्यात गेलेल्या सगळ्यांसारखा तोही दफनभूमीतल्या दगडी खोलीत राहिला, मे महिन्यापर्यंत. दर रविवारी चर्च सुटलं की आई त्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायची. कुलूप बाहेरून. मी म्हणायचे, "चल आई, पाय गारठतील." ती म्हणायची, "थांब जरा, तो एकटा आहे." तू मार्चमध्ये आला नाहीस. मेमध्येही नाही. तुझी व्याख्यानं होती.

तू शवपेटी बघितली नाहीस, म्हणून तुला त्याला कॅनडापर्यंत चालवता आलं. मी त्याचे बूट घरी आणले होते. चुलीमागे ठेवून वाळवले. मला नसतं जमलं त्याला चालवणं.

मी रागाने लिहितेय हे खरं आहे. तरी पान पाठव.

मार्लिस


६ मार्च

ऑरिन,

घाईत लिहितेय. आई ठीक आहे, आधी ते सांगते.

अग्निशमन दलाचा खेळ तुला आठवत असेल. जुनी गाडी तळ्याच्या मध्यावर नेऊन ठेवायची, आणि ती कुठल्या दिवशी बुडेल यावर लोकांनी तिकिटं घ्यायची. ड्वेननंतर बंद होतं ते. तुझं पुस्तक आलं आणि शहरातली माणसं आपल्या तळ्याचे फोटो काढायला यायला लागली, तसं पुन्हा सुरू झालं. दर वर्षी एखादी मोडकी मोटार असते. यंदा त्यांना एक पिकअप ट्रक फुकट मिळाला. निळा, ड्वेनचा होता तसाच.

एकालाही सुचलं नाही. मी दलातल्या पोरांना दोष देत नाही, ड्वेन गेला तेव्हा ती रांगत होती. पण व्हर्न तिथे उभा होता, त्यालाही सुचलं नाही. नंतर रडला तो. एवढा मोठा माणूस, टोपीत तोंड घालून.

आईला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्रक दिसला. तिने थर्मास भरला. घरातल्या चपला, वर कोट, आणि निघाली. तळ्यावरून, सरळ. ग्लॅडिसने आपल्या खिडकीतून बघितलं आणि व्हर्नला बर्फावरच्या गाडीने पाठवलं. तो पोचला तेव्हा आई ट्रकच्या दाराशी उभी होती, काच पुसून आत बघत होती. व्हर्न म्हणाला, "अल्मामावशी, यात कुणी नाही हो." आई म्हणाली, "दिसतंय मला. म्हणजे निघाला तो. बुटांचे ठसे शोध, तुझी नजर चांगली आहे."

बर्फ अजून जाड होता म्हणून निभावलं. तीन आठवड्यांनी असतं तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही, तू लिहू शकतोस.

पायाची दोन बोटं काळी पडली होती, ती वाचली. मी आता तिच्याकडेच झोपतेय. दार मी लावते, ती उठून उघडते. काल तिच्यावर ओरडले. इतकं ओरडले की माझा कुत्रा टेबलाखाली गेला. तिने उठून दार पुन्हा उघडलं. मग हळूच म्हणाली, "तुला कुणाची वाट बघावी लागली नाही कधी. सगळे तुझ्यासमोरच गेले."

खरं आहे ते. माझा नवरा माझ्यासमोर गेला, बाबा माझ्यासमोर गेले. मी कुणाची वाट बघणार? पण ऐकून बरं नाही वाटलं.

मी तिला उचलून गाडीत घालू शकते. डॉक्टर म्हणाले, तशीही नेतात लोक. पण मग ती तिथल्या खिडकीशी बसून मरेपर्यंत एकच गोष्ट बघेल, आपला मुलगा रिकाम्या घरापुढे उभा आहे. मला ते करायचं नाही. खोली महिनाअखेरपर्यंतच आहे, ऑरिन. पान.

मार्लिस


१७ मार्च

ऑरिन,

या वेळी साधा कागद, आणि हाताने लिहिलेलं. मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानेच.

तू चार वर्षांत एक ओळ लिहिली नाहीस, हे मला कसं कळणार? इथे वर्तमानपत्रात तुझा फोटो येतो, पुस्तकांच्या भिंतीपुढे, हनुवटीला हात. आम्हाला वाटतं, चाललंय त्याचं. आणि तू लिहितोस की रोज सकाळी यंत्रापुढे बसतोस, बोटं हलावीत म्हणून वर्तमानपत्रातल्या बातम्या टाइप करतोस, आणि दुपारी विद्यार्थ्यांना शिकवतोस की गोष्ट कशी लिहावी. माझं पत्र आल्यावर तू प्रयत्न केलास. तीन आठवडे. ड्वेन पायरीवरून हलत नाही. कडीवर हात ठेवतो, आणि आत काय आहे ते तुला दिसत नाही.

मला वाईट वाटलं. हे लिहिणं मला सोपं नाही, तेव्हा नीट वाच: वाईट वाटलं. तू लहान असताना शब्द अडला की कान ओढायचास स्वतःचा, लाल होईपर्यंत. तेच दिसलं मला.

पण एक सांगू? तुला आतलं दिसत नाही, कारण तू आत आलेलाच नाहीस. अठरा वर्षं झाली. बाबांना अस्वल दिसलं ती खिडकी बुजवली, आता दुसरी आहे, तळ्याकडे. चूल काढली, वायूची शेगडी आहे. टेबल तेच. आईने बाबांची खुर्ची बाहेर ठेवू दिली नाही, अस्वल बसलेली खुर्ची म्हणून. तू ज्या स्वयंपाकघराचं दार उघडायला बघतोस ते तुझ्या डोक्यातलं आहे, आणि त्या घरातून तू मला आधीच काढून टाकलंस. मग दार उघडणार कोण? आई बहिरी होत चाललीय. ड्वेन बिचारा उभा राहील नाही तर काय करील!

तर आता असं आहे. पान तू लिहिणार नाहीस. लिहू शकत नाहीस, असं म्हणू. मीच लिहिते. तुझी वाक्यं माझ्या बोटांना पाठ आहेत. तू "आणि" ने परिच्छेद सुरू करतोस, माणसांना खिशात हात घालायला लावतोस, आणि काही वाईट व्हायच्या आधी कुणीतरी कॉफी ओततं. एवढं तर मला जमेल.

मोठी बाई झाले तरी कोरा कागद यंत्रात घालून तीनदा बाहेर काढला. तुलाही असंच होतं का? आधी कधी सांगितलं नाहीस.

मार्लिस


२ एप्रिल

ऑरिन,

आई लिंडगार्डला आहे. परवाच नेली. सगळं सांगते, तुला सांगायलाच हवं.

पान लिहायला मला आठ दिवस लागले. तुझ्यासारखं लिहायला गेले ते सगळं वाया गेलं. खिशात हात, कॉफी, सगळं होतं, आणि ते माझ्या मैत्रिणीचा कोट घातल्यासारखं दिसत होतं. शेवटी मी जसं होईल तसं लिहिलं. मला जे माहीत आहे तेच.

नाश्ता झाला. आईने पुस्तक उघडलं, शेवटचं प्रकरण वाचलं, मिटलं. मी म्हटलं, "आई, ऑरिननं पुढचं पान पाठवलंय." होय, तुझं नाव घेतलं. तिने चष्मा पुसला आणि हात मांडीवर ठेवले. मी वाचायला लागले. 

ड्वेन कडी उघडतो. पायरीवर बसून बूट काढतो, आत, पूर्वी चूल होती त्या कोपऱ्यात ठेवतो. तेवढ्यात आई म्हणाली, "हे ऑरिनचं नाही."

मी गार. "कशावरून?"

"ऑरिनची माणसं बूट घालूनच आत येतात. सबंध पुस्तकभर. मला वाचतानाच राग यायचा, सगळी फरशी घाण." मग म्हणाली, "ड्वेन काढायचा. वाच."

मी वाचत राहिले. आतून एक बाई येते. ती त्याला खुर्ची देते, कॉफी देते, म्हणते, आई लिंडगार्डला आहे, उन्हाची खोली आहे, आधी जेव, मग मी तुला नेते.

"थांब," आई म्हणाली. "ही कोण?"

"मी."

"तू होतीस तिथे?"

"मी नेहमीच होते, आई."

तिने पुस्तक पुन्हा उघडलं. मला वाटलं, वाचतेय. पण ती नुसती पानं उलटत होती, पुढून मागे, मागून पुढे, काहीतरी हरवल्यासारखी. मग म्हणाली, "यात तू नाहीस."

"नाही."

"मी इतक्यांदा वाचलं आणि माझ्या लक्षात आलं नाही." तिचे डोळे भरले. ऑरिन, मी ड्वेनच्या वेळी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "ऑरिनला सांग, चुकलं म्हणून. आणि माझंही चुकलं."

 मी नाक पुसलं आणि राहिलेलं वाचलं. दोघं गाडीत बसतात. ड्वेन विचारतो, आई चिडेल का? ती म्हणते, उशीर झाला म्हणून चिडेल, दुसरं काही नाही. आणि गाडी सुरू होते. एवढंच आहे पान.

आई उठली. कोट मागितला. मला वाटलं, जिंकले! आणि दाराशी जाऊन ती वळली.

"म्हणजे तू इथे राहणार."

"काय?"

"या घरात. त्याला दार उघडायला. तसंच लिहिलंयस ना?"

ऑरिन, घर घ्यायला मिनियापोलिसचं एक जोडपं दोनदा येऊन गेलंय. कॅरिनने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय, पिवळी. मी पानात स्वतःला घातलं ते फक्त कुणीतरी दार उघडायला हवं म्हणून, शिवाय खरं सांगायचं तर तू घातलं नव्हतंस म्हणून. हे असं अंगावर येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "इथेच राहीन."

मग तिने काय केलं माहितीये? खणातून चिकटपट्टी काढली, भांड्यांना लावायची. पेन घेतलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि मागच्या दाराला बाहेरून चिकटवलं. "अल्मा लिंडगार्डला आहे. मार्लिस आत आहे."

आणि कडी लावून घेतली. स्वतःच्या हाताने.

मार्लिस


२१ मे

ऑरिन,

तुझं पत्र आलं. पुस्तकाला दहा वर्षं होतायत, नवी आवृत्ती निघतेय, प्रकाशकाला वाटतं शेवटी एखादं नवं प्रकरण असावं, आणि तुला माझं पान हवंय. त्यावर तू हात फिरवशील. माझं नाव घालशील, आभारात.

नाही.

रागाने म्हणत नाही. राग होता, तो त्या पट्टीबरोबर गेला बहुतेक. पण ते पान एका बाईला वाचून दाखवायला लिहिलंय. ते छापलं तर वाचकाचं होईल, असं तूच म्हणालास. मग कुणीतरी समीक्षक म्हणेल की कडीवरचा शेवटच बरा होता. आणि बरोबरच म्हणेल. पण तो शेवट लिहून तू न्यूयॉर्कला राहिलास. मी माझा लिहिला आणि मला त्यात राहावं लागतंय. मिनियापोलिसच्या जोडप्याला नकार कळवला. कॅरिन फोनवर रडली, मग म्हणाली, "मॉम, तू एका न आलेल्या माणसासाठी राहतेयस?" मी म्हटलं, "घरात यापेक्षा कमी कारणासाठी राहिलेल्या बायका मी पाहिल्यात." पण फोन ठेवला आणि मग मीही रडले. ती पिवळी खोली मला हवी होती. अजून हवी आहे.

बर्फ गेला. निळा ट्रक एप्रिलच्या मध्यावर बुडाला, तिकीट ग्लॅडिसचं लागलं, आणि आता तिचा तोरा बघवत नाही. जमीन मऊ झाली, हिवाळ्यात गेलेल्या लोकांना परवा पुरलं. मी गेले होते. ड्वेनच्या कबरीवरचं गवत कापलं.

आई बरी आहे. खाते, पत्ते खेळते, चिडते. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते, तळं दिसत नाही. पुस्तक तिच्या उशाशी आहे, माझं पान शेवटी घडी घालून. उघडत नाही फारसं. रविवारी चर्च सुटलं की मी जाते. दारातून आत शिरले की पहिला प्रश्न, "आला का?"

"नाही अजून."

"दार?"

"मी आहे ना."

एवढं म्हटलं की ती मान हलवते आणि पत्ते वाटते.

पण गेल्या रविवारी मला राहवलं नाही. विचारलं, "आई, तू कुणाची वाट बघतेस? कबरीतला की पुस्तकातला?" तिने एक पत्ता टाकला, दुसरा उचलला. मला वाटलं, विसरली प्रश्न. मग म्हणाली, "तुला सांगितलं ना. जो बाहेर आहे त्याची."

तिने नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही.

पान मी पोस्टाने पाठवणार नाही. ते लिंडगार्डला आहे, आणि ती तुला वाचू देईल, न दिलं तर मी वाचून दाखवीन. पुढचं दार यंदा फुगलंय, उघडत नाही. मागून ये. बूट पायरीवर काढ.

मी आत आहे.

मार्लिस